सोळाव्या चक्रातला सिंह

जुनं तिबेटी नाणं ओळखणं मुळीच अवघड नाही. फक्त घरातलं बाळ झोपलेलं हवं! चंदनच्या एका दुपारच्या झोपेत मी अर्धं काम उरकलं होतं.

हिवाळ्यात धुळ्याला स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी मावशींनी गावी परतताना ते त्याच्या मुठीत ठेवलं होतं. तांब्याचं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला कडेने अक्षरं. त्यांत आधी साठ वर्षांचं कितवं चक्र ते, मग त्यातलं कितवं वर्ष. मोबाइलवर ताडून पाहिलं, चक्र निघालं सोळावं. म्हणजे १९२७ नंतरचं! वर्षाचा आकडा वाचणार, तोच साहेब उठले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नाणं नाही. टेबलाखाली चंदन, नुकत्याच जेवलेल्या व्याह्यासारखा तृप्त!

गिळलं वाटतं यानं! सासूबाई त्याला न्हाऊ-माखू घालून देवळात गेलेल्या, फोन घरीच. शेजारच्या कामिनीताईंना निरोप सांगितला आणि रिक्षाने दवाखाना गाठला.

"काय गिळलं?"

"नाणं! तिबेटी, सोळाव्या चक्रातलं. वर्ष अजून लागलं नाही..."

"ताई, केवढं होतं ते विचारतोय!"

एक्स-रेत पोटावर गोल पांढरी चकती. मला रडूच फुटलं. नाण्याचं वय शोधत बसले, आणि माझं आठ महिन्यांचं लेकरू...

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. "नाण्याला भोक होतं का?"

"छे! अगदी अखंड!"

त्यांनी चंदनचा लंगोट सैल केला. आत, करदोट्याला सिंह लोंबत होता!

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या. "मीच बांधं ते! देवीनं वाहन शे त्यावर. पोरले नजर लागाव नही. सकायमा सोनारकडथीन भोक पाडी आनं."

"आई, मला सांगायचं तरी!"

"तू मोबाइलमा व्हतीस ना माय."

मी नाणं निरखलं. चक्र शाबूत. भोक नेमकं वर्षाच्या आकड्यातून आरपार.

"आता याचं वय कधीच कळणार नाही हो!"

सासूबाईंनी चंदनला छातीशी धरलं. "नाणानं वय काय करस? मना नातूनं वय वाढू दे."

मी करदोट्याची गाठ पुन्हा घट्ट केली. हिवाळ्यात मावशी येतील. विचारलंच, तर सांगेन: चक्र सोळावं, वर्षाच्या जागी करदोटा.