दामूकाकांचं सोयर

आमच्या शेजारच्या दामूकाकांना वर्षातून निदान चारदा सोयर असायचं. बाळ जन्मलं की घरच्यांनी दहा दिवस देवाला शिवायचं नाही, ही रीत तुम्हालाही ठाऊक आहे. अडचण इतकीच होती, की दामूकाकांच्या घरात बाळंत व्हायला कुणी बाईमाणूसच नव्हतं. काकी जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा विलास मुंबईला. घरात काका एकटे, आणि पाखरं मोजता येणार नाहीत इतकी.

सोयर पाखरांचं.

खांब गावाच्या अलीकडे आमची वाडी. अठरा घरं, आणि सगळ्यांत मिळून एक फोन, असा तो काळ. मी रोह्याच्या कंपनीत शिफ्टला होतो. त्यामुळे दिवसा घरी बसून दुसऱ्यांच्या घरात लक्ष घालायला मला भरपूर वेळ मिळे, आणि मी तो वाया घालवला नाही.

काकांच्या पडवीच्या वाशात दयाळ होता. काकींच्या फोटोमागे चिमण्या होत्या. शिंजिराने कपड्यांच्या तारेलाच घरटं टांगलं, तेव्हा काकांची लुंगी दोन महिने आमच्या कुंपणावर वाळत होती. अंडी फुटली की काका डोक्यावरून अंघोळ करायचे आणि कुंपणाशी येऊन आमच्या आईला वर्दी द्यायचे, "वैनी गो, सोयर आलं आमच्यात."

"कुणाला?" आई तांदूळ निवडता निवडता विचारी.

"दयाळाला. तीन हायत. मायलेकरं बरी हायत."

मग दहा दिवस काका देवळात जात नसत, भजनात मृदंगाला हात लावत नसत. नवशिक्यांच्या हातचा मृदंग ऐकून सगळी वाडी दयाळाच्या नावाने बोटं मोडायची.

काकांचे नियम पक्के होते. छपराखाली जन्मलं तर दहा दिवस. परसातल्या झाडावर जन्मलं तर तीन. कुंपणापलीकडचं असेल तर नुसती अंघोळ. एकदा आमच्या फणसाच्या, पण त्यांच्या परसात वाकलेल्या फांदीवर हळद्याने घर केलं. सोयर कुणाचं यावर दोन्ही घरांत बोलणी झाली. शेवटी आई म्हणाली, "भावोजी, तुमचंच असू द्या. माझ्याकडे परवा सत्यनारायण आहे." काका इतके खूश झाले, की घरातला पहिला हापूस त्यांनी आम्हाला आणून दिला.

कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू निघालं त्या वर्षी मात्र ते दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. हे सोयर कावळ्याच्या घरातलं की कोकिळेच्या? तिसऱ्या दिवशी निकाल लागला. "जो पोसतो त्येचं. नियम म्हंजे नियम."

देवळाचा सखाराम गुरव या प्रकाराने कावला होता. पाखरांचं सोयर माणसाला लागत नाही, असं त्याने काकांना चारचौघांत सांगून पाहिलं. काकांनी विचारलं, "लागत नाय असं लिवलंय कुठं? दाखव." सखारामने घरी जाऊन पंचांग पहिल्या पानापासून चाळलं म्हणतात. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. चैत्रात आमच्या ग्रामदेवतेची पालखी निघते आणि दर वर्षी पाळीपाळीने वाडीतल्या एका घरी विसावा घेते. म्हणजे प्रत्येक घराची पाळी अठरा वर्षांनी येते. त्या वर्षी पाळी दामूकाकांची होती. मागच्या पाळीला काकी होत्या. पुढच्या पाळीला आपण असू की नाही, हे काका स्वतःच हसत सांगायचे. माघापासूनच त्यांनी भिंतींना चुना काढला, समया चिंचेने घासल्या, ओटी सारवून घेतली.

आणि ओटीवरच्या दिव्याच्या पत्र्यावर बुलबुलाने तीन अंडी घातली.

पालखी गुरुवारी. अंडी वेळेत फुटली तर सोयर वेळेत फिटणार, एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले की अठरा वर्षं गेली. कुणीतरी घरटं हळूच आंब्यावर हलवायची सूचना केली. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो महिनाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही. मी काठीला आरसा बांधून रोज सकाळी अंडी बघायचो आणि वाडीला बातमी द्यायचो. अखेर अंडी फुटली. बोटांवर मोजलं. सोयर मंगळवारी फिटत होतं. आनंदाच्या भरात सखाराम गुरवाने बुलबुलाच्या नावाने नारळ फोडला.

याच दिवसांत मुंबईला गोदीत कामाला असलेला आमच्या वाडीतला एक जण बऱ्याच वर्षांनी सुट्टीवर आला होता. दामूकाका देवळात कसे दिसत नाहीत, असं त्याने मला विचारलं. मी गंभीरपणे म्हणालो, "सोयर आहे त्यांना." देवाशपथ सांगतो, यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तो तसाच मुंबईला परत गेला आणि त्याने ते विलासला सांगितलं.

विलास सात वर्षांत घरी आला नव्हता. त्याने मुंबईत स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा काका एक शब्द जादा बोलले होते. तो काय शब्द होता, हे मला इतकं लक्ष घालूनही कळलं नाही. तर असा हा विलास रविवारी सकाळी कोलाडहून रिक्षा करून दारात उतरला. बोटाला धरून सहा वर्षांची मुलगी. चेहरा लालबुंद. मी अर्थातच कुंपणाशी होतो.

"कुठाय ती?" त्याने विचारलं.

"कोण?" काका म्हणाले.

"बाळंतीण."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच बसलीय, उठंल."

विलास ओटीच्या पायरीवर मटकन बसला. बाप साठीचा, आणि त्याने दुसरा संसार मांडला, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. काकांनी वरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. विलासच्या आधी मुलीने पाहिलं.

"बाबा, ही तर चिमणी आहे."

"चिमणी नाय गो," काका म्हणाले. "बुलबुल. शेंडी बघ तिची."

आजोबा नातीशी बोलले ते हे पहिलं वाक्य.

दोघं दोन दिवस राहिली. बापलेक जे काही बोलले ते सगळं बुलबुलाविषयी. किडे कुठून आणते, मांजर येतं का, पत्रा तापत नाही का. स्वाती, म्हणजे ती मुलगी, दिवसभर ओटीवर मान वर करून बसे, आणि काका तिच्याकडे बघत बसत. मंगळवारी दुपारच्या एसटीने दोघं गेली. काका खांबच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले.

बुधवारी सखाराम तयारी पाहायला आला. काका अंघोळ करून दाराच्या आत बसले होते. उंबऱ्याबाहेर आले नाहीत.

"सखाराम, पालखी पुढल्या घरी ने. सोयर हाय."

"कालच फिटलं ना?"

"ते बुलबुलाचं. हे नातीचं."

सखारामने कपाळाला हात लावला. "दामूदादा, पोरगी सहा वर्सांची झाली. आता कसलं सोयर? आनि तुला तर तवाच कळलं असंल."

"चार म्हयन्यांनी कळलं. खांबच्या स्टँडवर, दुसऱ्याच्या तोंडून. तवर मी देवळात जाऊन मृदंग बडवीत व्हतो." काकांनी घरट्याकडे बघितलं. "कळलं व्हतं रे. बघितली आत्ता. रविवारपासून धरलंय."

सखारामने पंचांगाचं नाव काढलं नाही. मला मात्र आठवलं, की काकांनी पाखरांचं सोयर धरायला लागून सहाच वर्षं झाली होती.

पुढलं घर आमचं. आईने एका दिवसात जे घर आवरलं, त्यात माझी एक चप्पल आजतागायत सापडलेली नाही. गुरुवारी पालखी वाजतगाजत आमच्या ओटीवर विसावली. दामूकाका त्यांच्या दाराच्या आत उभे होते, नवं धोतर नेसून, हात जोडून. आईने कुंपणाशी येऊन दर्शन घ्या म्हणून दोनदा हाक मारली. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

पालखी उठली तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. खरं तर मी त्यांची समजूत काढायला गेलो होतो. काय बोलावं ते ठरवूनही ठेवलं होतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"आज किती झाले रे?"

मी मोजून पाच म्हणालो.

"अजून पाच हायत," काका म्हणाले. सुट्टी अर्धी उरली म्हणून शाळेतलं पोर सांगतं ना, तसं.