पोळ्यात सुटलेला ट्रॅक्टर

हिरालालच्या अंगणात पाच ट्रॅक्टर उभे होते आणि त्यातला एकही चालत नव्हता. शेतातले मोठे ट्रॅक्टर नव्हेत. संत्र्याच्या बागेत झाडांच्या ओळींमधून फिरणारे, कमरेएवढे, जुन्या काळचे. बायको सुलोचनाबाई गेल्यापासून त्याला घरात बसवत नसे. सकाळी चहा करायचा, सवयीने दोन कपांत ओतायचा, दुसरा कप दिसला की उठायचा. मग वडनेर असो की केळझर, जिथे असं एखादं यंत्र गंजत पडल्याचं कळेल तिथे जायचा. अल्लीपुरातलं त्याचं हार्डवेअरचं दुकान पुतण्या सांभाळत होता.

पोळ्यासाठी मुलगी रीता नागपूरहून आली. फाटकापासून दारापर्यंत तिला आडवं चालत यावं लागलं.

"बाबा, हे भंगार विका अन् माझ्यासंगं नागपूरले चला."

"भंगार नाई. जपून ठेवलं हाय."

"एखादा तरी चालते का?"

"चालन."

"मंग उद्या चालवून दाखवा. आखरावर तोरणाखालून न्या अन् धडधाकट घरी वापस आणा. आणला, तर मी हा विषय काढणार नाई. नाई आणला, तर भंगारवाला येईन अन् तुम्ही माझ्यासंगं."

"बरं," हिरालाल म्हणाला, आणि लगेच पाना शोधायला उठला.

त्याने सगळ्यात लहान ट्रॅक्टर निवडला. त्याचं एका सिलिंडरचं इंजिन हिंगणघाटच्या कोणत्याच मिस्त्रीने आधी पाहिलं नव्हतं. हिरालालचा नियम एकच होता. गंजलं ते घासायचं, तुटलं ते जोडायचं, पण नवा सुटा भाग लावायचा नाही. डिझेलची तोटी गळत होती. ती बदलायची सोडून त्याने ती उघडीच ठेवली आणि वरून कायमचा लेप थापून टाकला. संध्याकाळी सगळे आपापल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावत होते, तेव्हा त्यानेही पुढच्या आसाला लावली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." घरी बैलजोडी होती तेव्हा हे सुलोचनाबाई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे बंडूजी आपली सजवलेली जोडी घेऊन निघाले. हिरालाल हँडल मारून मारून घामाने निथळत होता.

"हिरालालभाऊ, हे कोणत्या जातीचं गोऱ्हं म्हणाव?"

"बोलू नको. हँडल मार."

बंडूजींनी बैल खुंट्याला बांधले आणि सगळा जोर लावून हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडू लागलं. पाठोपाठ गिअरमध्येच राहिलेला ट्रॅक्टर फाटकाबाहेर निघाला. हिरालालने धावत जाऊन सीट गाठली. क्लचचा दांडा ओढला, तो हातात आला. इंजिन बंद करायची तार ओढली, तीही हातात आली. दोन्ही अस्सल होती, कंपनीची. डिझेलची तोटी बंद करावी, तर ती लेपाखाली.

आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, बैल रांगेत उभे होते. पहिला मान सदाशिवरावांच्या जोडीचा. ती जाईपर्यंत तोरणाखालून कोणी जात नाही.

"थांबव, हिरालाल," सदाशिवराव ओरडले.

"थांबत नाई."

बैल आपणहून बाजूला झाले. ट्रॅक्टर मधोमध गेला, धुराड्यात तोरण अडकलं आणि आंब्याच्या पानांसकट त्याच्याबरोबरच निघालं.

"माझ्या जोडीचा मान गेला," सदाशिवराव मागे चालत म्हणाले.

"घेऊन जा ना भाऊ, धुराड्यातच हाय."

हिरालाल घराकडे वळला आणि फाटक दिसताच त्याच्या लक्षात आलं की आत चार ट्रॅक्टर उभे आहेत. हा न थांबता आत गेला तर पाचही जातील. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि पुन्हा गावात शिरला. आता डिझेल संपेपर्यंत फिरायचं. टाकी त्याने सकाळीच काठोकाठ भरली होती.

बंडूजी पोतं घेऊन धावत आले. "हवा जाते तिथं हे कोंबतो. दम कोंडला का बंद पडन."

"आज बैलाले कोणी काठी लावत नाई, अन् मी याचा गळा दाबू?"

बंडूजींना ते पटलं. ते पोतं घेऊन परत गेले.

तोरण ज्याच्या अंगावर, तो पोळ्यातला. आणि पोळ्यातला बैल दारावर आला की ओवाळल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. बायका ताटं घेऊन बाहेर आल्या. ट्रॅक्टर थांबेना, म्हणून त्या त्याच्यासोबत उलट्या चालत बॉनेटला कुंकू लावू लागल्या. सदाशिवरावांच्या बायकोनेही लावलं, नवऱ्याकडे न पाहता. तानाबाई, सुलोचनाबाईची मैत्रीण, बराच वेळ बाजूने चालली.

"भाऊजी, सुलोचना गेल्यापासून पहिल्यांदा आमच्या गल्लीत आले तुम्ही."

"आलो नाई. यानं आणलं."

"यानं तर यानं. पुरणपोळी घ्या. कढी घ्या."

यंत्राला खाता येत नव्हतं, म्हणून नैवेद्य हिरालालच्या हातात पडत होता. प्रत्येक दारात पुरणपोळी, प्रत्येक दारात कढी. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत रीताने त्याला गाठलं. ती सोबत भराभर चालू लागली.

"बाबा, तोंड काऊन असं केलं?"

"कढी लय झाली."

"मंग उतरा."

"उतरू कसा? धरन कोण?"

रीताने इकडेतिकडे पाहिलं. बंडूजी दूर होते. तिने ओढणी कमरेला बांधली, चपला काढून बापाच्या हातात दिल्या आणि चढली. हिरालालने दुसऱ्या बाजूने उडी मारली आणि मागे न पाहता शाळेच्या भिंतीमागे गेला.

परत येऊन तो चपला घेऊन कोपऱ्यावर उभा राहिला. आवाज लांब गेला, मग जवळ आला. ट्रॅक्टर वळणावर दिसला. रीताच्या कपाळावर कुंकू होतं, मांडीवर पुरणपोळ्यांची चळत होती, आणि तानाबाई बाजूने चालत तिला सुलोचनाबाईचं काहीतरी सांगत होती. रीता हसत होती आणि खांद्याला नाक पुसत होती.

"हे डावीकडं ओढते, बाबा."

"ओढते थोडं. उजवीकडं धरून ठेवजो."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं नाई. उतर आता, मी बसतो."

"तिकडच्या दोन गल्ल्या राह्यल्या. आईले वळखणाऱ्या लय बाया हायेत तिकडं." ट्रॅक्टर त्याच्यासमोरून पुढे गेला. तिने मान वळवून ओरडून सांगितलं, "अन् बाबा, डिझेल आणून ठेवा."