दळणवळण व माध्यम विभागाचा हेदपाडा प्रकल्प

माणूस काही हजार वर्षांपासून एकमेकांशी बोलत आला आहे, परंतु हे सर्व बोलणे विनापदवी झालेले असल्याने ते ग्राह्य धरता येत नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठी २००२ सालच्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयाने पुढाकार घेतला. (महाविद्यालय शहापूर तालुक्यात आहे. नाव सांगत नाही. संस्थाचालक अजून हयात आहेत.)

मी मूळचा इतिहासाचा. मुरबाडहून रोज एसटीने येऊन अठरा वर्षे इतिहास शिकवला. अठराव्या वर्षी वर्गात चार विद्यार्थी उरले आणि त्यांतले दोन वर्ग चुकून आले होते. तेव्हा प्राचार्यांनी बोलावून सांगितले की 'कम्युनिकेशन आणि मीडिया' असा नवा पदवी अभ्यासक्रम येतो आहे आणि त्याचा विभागप्रमुख मी आहे. माझी पात्रता त्यांनी आधीच काढून ठेवली होती. एक म्हणजे स्नेहसंमेलनात माइक माझ्या हातून कोणाला काढून घेता येत नाही. दुसरी म्हणजे १९९४ साली डासांच्या उपद्रवाविषयीचे माझे पत्र एका दैनिकात छापून आले होते. (डास अद्याप आहेत. पण पत्र छापले गेले, हे महत्त्वाचे.)

पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा 'कम्युनिकेशन'ला चटकन मराठी शब्द सुचेना. प्राचार्यांनी शब्दकोश उघडला आणि पहिला दिसला तो घेतला, कारण पेंटरला जेवायला जायचे होते. अशा रीतीने दारावर 'दळणवळण व माध्यम विभाग' अशी अक्षरे आली. पहिल्याच महिन्यात तिघे जण नाशिकच्या गाडीची वेळ विचारून गेले आणि एक बाई हरवलेले गाठोडे शोधत आल्या. पाटी बदलायचा ठराव आम्ही केला. तो मंजूरही झाला.

पहिल्या तुकडीत एकतीस विद्यार्थी होते. त्यांत डोळखांबच्या पुढच्या हेदपाड्याची माधुरी होती. पाड्यावरून सकाळी सहाला एकच गाडी सुटायची. त्या गाडीने ती साडेसातच्या पहिल्या तासाला पोचायची आणि पुढच्या बाकावर बसायची. वडील धाकलू भात आणि नाचणी करत. मुलगी दळणवळण शिकते एवढे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे ती कंडक्टर होणार असे त्यांनी पाड्यात सांगून ठेवले होते. माधुरीने दोनदा समजावून पाहिले, मग सोडून दिले. कंडक्टर म्हणजे काय हे पाड्याला कळत होते. आमचा अभ्यासक्रम म्हणजे काय, हे तिलाही अजून नीट सांगता येत नव्हते. (मलाही. पण मला पगार होता.)

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सहाची गाडी बंद झाली. भारमान कमी, म्हणजे गाडीत पुरेशी माणसे बसत नाहीत, असे कारण कळले. त्यानंतर माधुरी दोन तास चालून डोळखांबला यायची, जीप भरेपर्यंत थांबायची आणि दहाच्या सुमारास वर्गाच्या दाराशी उभी राहायची. तोपर्यंत तीन तास झालेले असायचे. शेणव्याच्या हायस्कुलात जाणाऱ्या पाड्यातल्या सहा मुली घरी बसल्या. त्यांतल्या दोघींसाठी स्थळे बघायला सुरुवात झाली.

एका सोमवारी धाकलू माझ्यासमोर येऊन बसले. पाटी वाचूनच आत आले होते. टोपी काढून त्यांनी चार घड्या घातलेला अर्ज टेबलावर ठेवला आणि गाडी चालू करा म्हणाले. हा तो विभाग नव्हे, असे मी सांगितले. पाटीवर तर तेच आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग मी फळ्यावर प्रेषक काढला, संदेश काढला, माध्यम काढले, ग्राहक काढला, सगळ्यांना बाण जोडले आणि चाळीस मिनिटे विषय उलगडून सांगितला. धाकलूंनी अतिशय लक्ष देऊन ऐकले. शेवटी फळ्याकडे बोट करून म्हणाले, "समदं समजलं सर. यातली गाडी कोनती?"

त्यांचा अर्ज मात्र वाया गेला नाही. समाजातून आपणहून चालत आलेली ही विभागाची पहिलीच समस्या होती. हेदपाडा आणि परिवहन यंत्रणा यांच्यामध्ये 'संज्ञापन दरी' (कम्युनिकेशनला योग्य मराठी शब्द तोवर सापडला होता) आहे, असे विभागाच्या बैठकीत निश्चित झाले आणि तिच्या अभ्यासासाठी प्रकल्प हाती घेण्यात आला.

पाड्यावर जायला गाडी नसल्यामुळे, गाडी नसल्याचा अभ्यास करण्यासाठी दोन जीप ठरवल्या. निघण्याची सूचना आदल्या दिवशी पहिल्या तासाला वाचून दाखवली होती, त्यामुळे माधुरीला ती कळली नाही. आम्ही तिच्या पाड्याकडे जात होतो तेव्हा ती पाड्यावरून कॉलेजकडे चालत येत होती. मुलांनी तिला जीपमधून हात केला. तिनेही केला. त्या दिवशीची हजेरी क्षेत्रावर, म्हणजे पाड्यावर, घेतल्यामुळे ती गैरहजर धरली गेली. कॉलेजात ती पोचली तेव्हा विभागाला कुलूप होते.

पाड्यावर आम्ही बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. आपण दिवसातून किती तास माध्यमांच्या संपर्कात असता, या सतराव्या प्रश्नावर माधुरीची आई पारू म्हणाली की रेडिओ आहे पण सेल नाहीत. हे उत्तर 'अंशतः' या रकान्यात बसले. प्रश्नावलीनंतर जनजागृतीसाठी पथनाट्य झाले. त्यात संदेश नावाचा धिप्पाड विद्यार्थी एसटी झाला होता. तो घरघर करत आला तशी पोरे त्याच्या मागे धावली. सकुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला थांबवून, हा शहापूरपर्यंत जाणार का, असे विचारले. त्या विनोदाने विचारत होत्या की खरेच, यावर आमच्यात मतभेद आहेत.

अहवाल शहाऐंशी पानांचा झाला. निष्कर्ष असा: उभय पक्षांत संवादाचा अभाव असून अधिक संशोधनाची आवश्यकता आहे. एका विद्यापीठीय परिसंवादात त्याला पहिले पारितोषिक मिळाले.

याच काळात माधुरी अभ्यासक्रमाबाहेरचे एक काम करत होती. तिने शाळेची एक वही घेतली. रोज सकाळी सहाला, जिथून गाडी सुटायची तिथे ती उभी राहायची आणि गाडी असती तर कोण कुठे गेले असते ते लिहून घ्यायची. नाव, गाव, काम, सही किंवा अंगठा. मग चालायला लागायची. पंधरा दिवसांत एकाही दिवशी अठ्ठावीसच्या खाली माणसे भरली नाहीत. वही घेऊन ती शहापूरच्या एसटी आगारात गेली. तिथल्या साहेबांनी वही चाळली आणि एखाद्या संस्थेचे शिक्क्याचे पत्र आण, असे सांगितले.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, एक ओळीचं पत्र पायजे. ही मोजनी खरी हाय, एवढंच लिहा."

मी तिला प्रेमाने बसवले. मोजणी करण्यापूर्वी संशोधन आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, नमुना कसा निवडला ते लिहावे लागते, आणि पंचाहत्तर टक्क्यांखाली हजेरी असलेल्या विद्यार्थ्याला विभागाचे पत्र देता येत नाही, हे सर्व समजावले. ती मान खाली घालून ऐकत होती. हजेरी का कमी आहे हे मला माहीत होते. ते बोलून दाखवायचे की नाही, असा क्षणभर विचार तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग ती वही उचलून गेली. त्या क्षणी मला किंचित कसेसेच झाले, पण तासाची घंटा वाजली.

शिक्का अखेर पाड्याच्या चौथीपर्यंतच्या शाळेतल्या गुरुजींनी दिला. त्यांनी खरेच एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी माधुरी, पारू, सकुबाई आणि आणखी सहा बायका डोळखांबपर्यंत चालत आणि पुढे जीपने आगारात पोचल्या. साहेबांनी पत्र ठेवून घेतले, वरिष्ठांना कळवतो म्हणाले, आणि भारमानाचा मुद्दा पुन्हा सांगितला. सकुबाई खाली फरशीवर बसल्या.

"आमी नऊ जनी आलोत," त्या म्हणाल्या. "हे भारमान. मोजून घ्या."

बाकीच्याही बसल्या. कोणी घोषणा दिली नाही. साहेबांनी डबा उघडला तेव्हा बायकांनी भाजी कसली आहे ते विचारले, आणि त्यांनी डबा मिटला. तीन वाजेपर्यंत हे चालले. साडेतीनला गाडी येत्या सोमवारपासून सुरू करण्याचा आदेश टाइप झाला. (या पद्धतीचा आमच्या कोणत्याही संदर्भग्रंथात उल्लेख नाही, त्यामुळे ती शिकवता येत नाही.)

सोमवारी विभाग पहाटेच जीपने हेदपाड्यावर हजर होता. प्राचार्यांनी गाडीपुढे नारळ फोडला. 'माध्यम विभागाच्या संशोधनाला यश' असे फलक मुलांनी धरले. मीच लिहून दिलेली बातमी फोटोसह छापून आली. फोटोत माधुरी नाही; ती गाडीत जागा धरून बसली होती, कारण तिला पहिला तास गाठायचा होता. तिच्या मागच्या बाकावर हायस्कुलाच्या सहापैकी पाच मुली होत्या. सहाव्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटली होती.

कॉलेजात ती साडेसातला पोचली आणि तिला सूचनाफलकावर यादी दिसली. हजेरी अपुरी असल्याने परीक्षेला बसता येणार नाही अशांची. यादीत एकच नाव होते. यादी दोनदा वाचून ती वर्गात गेली आणि पहिल्या बाकावर बसली. विभाग नारळ फोडायला गेल्यामुळे तास झाला नाही.

धाकलू दुसऱ्या दिवशी आले, नव्या गाडीने. या वेळी टोपी काढली नाही.

"गाडी नव्हती म्हनून पोरगी आली नाय," ते म्हणाले. "ती आली नाय ते तुमच्या कागदात हाय. गाडी नव्हती ते कंच्या कागदात हाय?"

अहवालात आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. पान एकोणीस, तक्ता चार.

"मंग तो कागद या कागदाला दाखवा."

संज्ञापनाची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर वाचलेली नाही. मी ती लगेच लिहून घेतली आणि पुढे दोन परिसंवादांत वापरली. परंतु हजेरीचा कागद परीक्षा विभागाचा आणि अहवाल आमचा. त्या दोघांची गाठ घालून देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे नियमावलीत सापडले नाही. धाकलू उठले. जाताना एवढेच म्हणाले की पोर रडली असती तर बरे झाले असते.

माधुरी पुन्हा आली नाही. म्हणजे कॉलेजात. गाडीने ती रोज शहापूरला येतच राहिली. कचेरीबाहेर एका टेलिफोन बूथमध्ये अर्धे टेबल घेऊन ती लोकांचे अर्ज लिहू लागली. रेशनकार्ड, वीज, दाखले, शिक्षक मिळत नाही, डॉक्टर येत नाही. तिचा अर्ज चार ओळींचा असतो, आणि लिहिण्याआधी ती माणसाला काहीतरी मोजून आणायला परत पाठवते. साहेब लोक तिचे अक्षर ओळखतात आणि, असे ऐकतो, थोडे दचकतात. २००८ पासून आम्ही आमचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी तिच्याकडे पाठवतो. ती त्यांना शिकवते. प्रमाणपत्रावर सही मी करतो, कारण तिला तो अधिकार नाही.

सहृदय वाचकांना माझा राग आला असेल. ते योग्यच आहे. मात्र ही कथा मी आजवर अनेक सुशिक्षित मंडळींना सांगितली. सगळे हसले, हळहळले, मला मनातल्या मनात शिव्याही दिल्या असतील, आणि नंतर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. सहाव्या मुलीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही. विचारले ते हे, की माधुरीने नंतर बाहेरून बसून पदवी तरी पूर्ण केली ना?

तुमच्याही मनात तेच आले असेल, तर प्रवेश अर्ज दहा जूनपासून मिळतील. जागा साठ आहेत.