तिसरी हाक येईपर्यंत

बाजारात मला फसवील असा दुकानदार अजून जन्माला यायचाय! आणि अशा माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कंपनीने परदेशात शिकायला पाठवलं. काय शिकायला? वाटाघाटी! म्हणजे माशाला पोहण्याची शिकवणी लावण्यातला प्रकार. आमच्या घरात घासाघीस ही कला नसून संस्कार आहे. भाव सांगायचा, पाठ फिरवायची आणि तिसरी हाक येईपर्यंत मागे वळायचं नाही. पहिल्या हाकेला वळतो तो उतावळा, दुसरीला वळतो तो नवखा.

वर्गापुढे माझं भाषण होतं आणि नेमकं आदल्या दुपारी माझ्या उजव्या बुटाने मगरीसारखा जबडा वासला. चालताना टाळ्या वाजवू लागला!

"काका, मॉलमध्ये चला," खोलीतला माझा सोबती म्हणाला. विशीतला पोरगा, पण इथली भाषा फाडफाड बोलायचा. "किमतीची चिठ्ठी लावलेली असते. वाद नाही, काही नाही."

"मग बोलायचं कोणाशी? चिठ्ठीशी?"

"बरं, मी जुन्या बाजारासमोरच्या मॉलमध्ये आहे. काही झालं तर या."

"काय होणार आहे?" मी म्हणालो आणि फटफटत निघालो.

जुन्या बाजारात एका बूटवालीची टपरी होती. बाई चांगली धिप्पाड, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या. मांडणीवर सगळे उजवेच बूट. डावे आत खोक्यांत. एका पायाचा बूट कोण पळवणार, हा तिचा हिशेब. एक काळा कुळकुळीत बूट मला आवडला. माझा फाटका बूट काढून ठेवला, तो चढवला आणि खिशातला फोन चालू केला. कानात सौ. हजर!

"अहो, आधी नाक मुरडा."

"मुरडलं."

"शिवण बघून चुकचुका. आवडलाय असं दाखवू नका हं, तुमचा चेहरा लगेच फुलतो."

मला तिथली भाषा येत नव्हती, पण कॅल्क्युलेटर सगळ्यांनाच येतो. बूटवालीने आकडा दाबला. मी त्याच्या निम्मा दाबला. तिने छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग मी खांदे उडवले आणि ऐटीत पाठ फिरवली.

पाच-सहा पावलं गेलो असेन, मागून हाक!

"आली!" मी कुजबुजलो.

"वळलात तर याद राखा!" सौ. म्हणाली.

दुसरी हाक आली, जरा चिरकी. मग भाजीवाला ओरडला. मग मासळीवाली. मग अख्खी गल्ली!

"अगं, सगळा बाजार मला बोलावतोय!"

"मग भाव आणखी पडणार. चालत राहा!"

"पळत येतायत गं मागून!"

"अय्या! पळत? मग आपणही जरा झपझप चाला!"

माझ्या चालीत कधी नव्हे तो रुबाब आला होता. टाळ्या थांबल्या होत्या. हा सगळा आत्मविश्वासाचा परिणाम, असं मी समजलो. मागे हातवारे करून निम्म्या भावाची आठवण करून देत मी रस्ता ओलांडला आणि मॉलच्या काचेच्या दारातून आत शिरलो.

आत रखवालदाराने माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. डावा बूट तपकिरी, माझा. उजवा काळा कुळकुळीत, बाईचा!

"अहो, काय झालं? गप्प का?"

"अगं... बूट पायातच राहिला."

सौ. कुजबुजली, "पण त्यांना कळू देऊ नका की आपल्याला कळलंय!"

एवढ्यात दार उघडून बूटवाली धापा टाकत आली. एका हातात माझा जबडा वासलेला बूट, दुसऱ्या हातात खोकं. मागे मासळीवाली, भाजीवाला आणि ज्यांचा काही संबंध नव्हता असे बरेच जण. टूथपेस्ट घेऊन सोबतीही धावत आला.

"काका! चोरी?"

"चोरी नव्हे, वाटाघाटी! काय म्हणतेय ती?"

त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडला.

"काका, ती म्हणतेय, पहिल्या हाकेलाच तुमचा भाव तिला कबूल होता. खोक्यातला डावा बूट न्या, असंच ओरडत होती."

"मग ठरलं तर!"

"आता नाही. आता पळायला लावलंत म्हणून पूर्ण किंमत. वर मासळीवालीची माफी."

सगळा मॉल माझ्याकडे बघत होता. उद्या भाषण, पायात एक बूट तिचा, एक माझा. शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पण घराण्याचा काही मान असतो की नाही! मासळीवालीची मी हात जोडून माफी मागितली, कारण तिच्याशी माझा भावाचा वाद नव्हता. मग काळा बूट काढून बाईच्या हातात ठेवला, माझा फाटका चढवला, निम्म्या भावाची खूण केली आणि पाठ फिरवली.

"शाब्बास!" सौ. म्हणाली. "आता कान देऊन ऐका."

ऐकलं. मागून आवाज येत होता तो फक्त माझ्याच बुटाच्या टाळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी मी भाषण दिलं. पायात सोबत्याचे पोपटी रंगाचे, धावायचे बूट. विषय होता, समोरच्यापुढे ठाम कसं राहावं. प्राध्यापकांनी खास कौतुक केलं: इतर सगळे फळ्याजवळ येरझारा घालत बोलले, हा गृहस्थ मात्र शेवटपर्यंत जागचा हलला नाही!

हलणार कसा? बूट दोन नंबर मोठे होते. पाऊल उचललं असतं, तर ते तिथेच राहिले असते.