सगुणा अस्वलिणीचा बिनवायरीचा झाडू

एका जंगलात, जिथं वाघसुद्धा पाय पुसून घरात शिरायचा, एक अस्वलीण राहत होती.

वाघ पाय का पुसायचा? कारण दारात वाघीण उभी असायची. बाळांनो, यात हसण्यासारखं काही नाही. घरी गेल्यावर आपापले बाबा बघा.

तर अस्वलिणीचं नाव सगुणा. तिची गुहा डोंगराच्या पार माथ्यावर. घरात सासू, दोन पिल्लं आणि एक नवरा. नवरा झोपलेला असायचा. थंडी असो, ऊन असो, तो आपला झोपलेला. म्हणून या गोष्टीत तो पुन्हा येणार नाही.

माथ्यावर पाणी नव्हतं. सगुणा रोज दोन घागरी घेऊन खाली ओढ्यावर जायची आणि भरून वर चढायची. वर पोचेपर्यंत अर्धं पाणी सांडायचं. उरलेलं पिल्लं पिऊन टाकायची. मग ती परत खाली. तिचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. ती चढू लागली की झाडावरची पाखरं म्हणायची, "सगुणाबाई आल्या, ऐका."

ओढ्याकाठी एक गुहा रिकामी पडली होती. ऐसपैस, आणि दारातच पाणी. त्या वर्षी जंगल पंचायतीनं दवंडी पिटली, की 'स्वच्छ गुहा, सुंदर गुहा' स्पर्धा होणार. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी समिती फिरणार. ज्याची गुहा सगळ्यांत स्वच्छ, त्याला ओढ्याकाठची गुहा कायमची.

आता कुणी विचारेल, ज्याची गुहा आधीच चकाचक आहे त्याला नवी कशाला? असले प्रश्न विचारणारी मुलं मोठेपणी पंचायतीत निवडून येत नाहीत. गप ऐका.

सगुणाला ती गुहा पाहिजेच होती. पण अस्वलाच्या घरात स्वच्छता म्हणजे काय, ते अस्वलाला विचारा. पाच अस्वलं आणि पाचही जणांचे केस गळणार. सगुणा दारापासून झाडत आत जायची, तोवर दारात सासू अंग खाजवत बसलेली. ती आतून झाडत दाराकडे यायची, तोवर सासू आत जाऊन बसलेली.

शिवाय गाठ होती साळूशी. साळू म्हणजे अर्ध्या डोंगरावर राहणारी साळिंदरीण. शिंदीची केरसुणी घेऊन ती दिवसातून चार वेळा झाडायची. तिच्या घरातली मुंगीसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं चालायची.

अशात एक दिवस हणमंता वानर पाठीला पिशवी लावून आला.

"वहिनी, केर काढून काढून कंबर गेली ना तुमची?"

"गुडघे गेलेत, भाऊ."

"तेच म्हणतो मी." हणमंतानं पिशवीतून एक यंत्र काढलं. हातभर लांब, पुढं चोच, मागं पोट. "बिनवायरीचा, हातातला व्हॅक्युम क्लीनर."

मग त्यानं मूठभर शेंगांची टरफलं काढली आणि सगुणानं नुकत्याच झाडलेल्या जमिनीवर टाकली.

"अहो, हे काय करताय?"

"डेमो."

त्यानं बटण दाबलं. घर्र झालं आणि टरफलं गायब झाली. स्वतः आणलेला कचरा स्वतःच टाकला आणि स्वतःच उचलला. तरी सगुणाचे डोळे भरून आले.

"वायर नाही, त्यामुळं पायात येत नाही," हणमंता सांगू लागला. "वजनाला पपईएवढं. वाकायला नको. धूळ उडत नाही, खोकला नाही. फटीत जातं, कोपऱ्यात जातं. आणि हे दुसरं बटण बघा. यानं उलटं फुंकतं. फटीत अडकलेलं बाहेर."

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "भाकऱ्या थापतं का?"

"ते मॉडेल पुढच्या वर्षी येणाराय, आजी."

मधाची दोन पोळी घेऊन हणमंता झाडावरून झाडावर पसार झाला. त्याचा पत्ता म्हणजे फांदी. तक्रार घेऊन जायचं कुठं?

आता तुम्ही विचाराल, जंगलात वीज होती का? वाघ पाय पुसतो ते चालतं तुम्हाला, आणि विजेशी अडता. वीज होती. जायचीसुद्धा.

पहिल्या दिवशी सगुणा हरखून गेली. दगडांच्या खाचांतली तीन पिढ्यांची धूळ यंत्रानं ओढली. सासूच्या गवताच्या गादीवरचे केस ओढले. झोपलेल्या सासूच्या कानातलेही थोडे ओढले, पण ते चुकून. धूळ उडाली नाही. गुडघे वाकले नाहीत.

बारा मिनिटं झाली आणि यंत्र बंद पडलं.

गुहा निम्मी व्हायची होती. यंत्र चार्जिंगला लावलं. पाच तास लागतात म्हणे. पाच तासांत पाच अस्वलांनी झाडलेला निम्मा भाग पुन्हा होता तसा केला.

दुसऱ्या दिवशी सगुणाला कळलं, की यंत्राचं पोट कवठाएवढं आहे. चार अस्वली केस गेले की भरलं. रिकामं करायला उघडलं की न उडालेली सगळी धूळ एकदम उडायची. मग आतली जाळी धुवायची आणि रात्रभर वाळवायची. जाळी धुवायला पाणी लागतं. पाणी कुठं? खाली ओढ्यावर.

"म्हणजे पाणी आणायला नको म्हणून गुहा पाहिजे," सासू म्हणाली, "गुहेसाठी यंत्र पाहिजे, आणि यंत्रासाठी पाणी आण."

"आत्याबाई, तुम्ही जरा एका जागी बसाल का?"

"मी एका जागीच बसते गं. केस फिरतात."

तरी सगुणानं हिशोबानं काम बसवलं. सकाळी बारा मिनिटं पुढचा भाग, दुपारी बारा मिनिटं मागचा. केरसुणी झिजून बुडखा झाली होती, ती तिनं चुलीत घातली. लक्ष्मीपूजनापर्यंत गुहा अशी झाली, की पिल्लांना घर ओळखू येईना.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगुणा जास्तीचं पाणी आणायला गेली. घरात सासूनं पाट मांडला.

लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. सासूलाही ठाऊक होतं. पण घरात केरसुणी कुठली? ती म्हणाली, केर काढते ती लक्ष्मी, मग तिला दोरी असो, नसो. तिनं यंत्र पाटावर ठेवलं, हळद वाहिली आणि कुंकू लावायला कपाळ शोधू लागली.

यंत्राला कपाळ नसतं. पण मधोमध एक गोल बटण असतं.

सासूनं कुंकवाचं बोट बटणावर टेकवलं. घर्र झालं. हळदीची वाटी रिकामी. कुंकवाची वाटी रिकामी. समोरच्या लाह्या सरसर आत गेल्या.

सासूनं हात जोडले. साठ वर्षं ती केरसुणीपुढं नैवेद्य ठेवत आली होती. कधी एका केरसुणीनं एक लाही उचलली नव्हती. तिनं घरातल्या सगळ्या लाह्या आणल्या, चुरलेले बत्तासे आणले, हळदीचा डबा आणला आणि देवीला पोटभर जेवू घातलं.

सगुणा परत आली तेव्हा सासू म्हणाली, "देवीनं नैवेद्य घेतला हो."

"घेणारच, आत्याबाई," सगुणा म्हणाली आणि यंत्र चार्जिंगला लावलं.

दुसऱ्या दिवशी समिती निघाली. अध्यक्ष गवा, भिकाजीराव नावाचा. त्याला सगळे अण्णा म्हणत. सोबत लिहायला टिटवी.

आधी साळूकडे गेले.

"पाय झटकून आत या," साळू म्हणाली.

अण्णांना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चारही पाय झटकले. आत जमीन अशी, की अण्णांना त्यात स्वतःची शिंगं दिसली. टिटवीनं कोपरे बघितले, खाचा बघितल्या.

"अण्णा, इथं काहीच नाही. रकान्यात काय लिहू?"

"काहीच नाही, असं लिही."

दोघं बाहेर पडले. चार पावलं गेले नाहीत, तोच मागं सरसर आवाज आला. अण्णांनी वळून बघितलं. त्यांच्या खुरांचे ठसे साळू झाडून काढत होती.

घरातून कुणी निघालं की लगेच मागं केर काढू नये, हे तुमच्या आजीनं सांगितलंच असेल. लगेच केर काढतात तो एकाच प्रकारचा पाहुणा निघाल्यावर. त्याला चौघं उचलून नेतात.

"आमचं प्रेत निघालं का गं इथून?" अण्णा म्हणाले.

"ठसे पडले होते, अण्णा."

"लिही गं टिटवे," अण्णा म्हणाले, आणि काय लिहायचं ते त्यांनी टिटवीच्या कानात सांगितलं. तुम्ही लहान आहात, तुम्हाला सांगता येत नाही.

इकडे माथ्यावर सगुणानं वरून समिती चढताना बघितली. घर आरशासारखं. तेवढ्यात पिल्लांची कुस्ती झाली आणि बरोबर उंबऱ्यावर केसांचा एक पुंजका पडला.

केरसुणी चुलीत गेलेली. सगुणानं यंत्र उचललं आणि बटण दाबलं. घरघर झाली, पण पुंजका हलेना. तिनं यंत्राला एक चापट मारली. दुसरी मारली. अण्णा धापा टाकत दारात उभे राहिले. सगुणाच्या डोळ्यांपुढं ओढ्याकाठची गुहा आली, दोन घागरी आल्या, सगळी चढण आली. तिनं तिसरी चापट मारली आणि बोट दुसऱ्या बटणावर पडलं.

फुस्स.

अण्णा पिवळे झाले. टिटवी लाल झाली. शिंगांवर लाह्या, पाठीवर बत्ताशांचा चुरा, आणि सगळ्यांवरून अस्वलाचे केस हळूहळू खाली उतरत होते.

सगुणाला वाटलं, गेली गुहा.

तेवढ्यात सासू पुढं झाली. तिनं पदर सावरला. अस्वलिणीला पदर कुठला, असं म्हणू नका, वेळ आली की सासूला पदर असतो.

"या अण्णा," ती म्हणाली. "आमच्यात पहिल्यांदा येणाऱ्या मोठ्या माणसावर भंडारा उधळतात. मान असतो तो."

अण्णांनी जिभेनं नाकावरची लाही टिपली. "आणि हे केस?"

"अस्वलाचा केस अंगावर पडला की दृष्ट लागत नाही. लोक पोरांच्या गळ्यात बांधतात. तुम्हाला घरचे, ताजे."

सगुणा प्रामाणिक होती. ती म्हणाली, "अण्णा, खरं म्हणजे ते..."

सासूनं तिच्या पायावर पाय दिला. अस्वलाचा पाय म्हणजे साधी गोष्ट नाही.

अण्णांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. गेली अकरा वर्षं ते जंगलभर तपासण्या करत होते. त्यांच्यावर कुणी साधी चिमूटभर हळद टाकली नव्हती.

"टिटवे, लिही. स्वच्छता उत्तम. संस्कार त्याहून उत्तम."

"अण्णा, उंबऱ्यावर पुंजका आहे," टिटवी म्हणाली.

अण्णांनी तो पुंजका उचलला आणि आपल्या शिंगात खोवला. "आता नाही."

सगुणा ओढ्याकाठी राहायला गेली. आता दारात पाणी. गुडघे गप्प झाले. साळूला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते भिंतीला लावलं तर खिळ्याचा भुगा पडेल, म्हणून तिनं ते घडी घालून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात हणमंताची एकोणीस यंत्रं खपली. त्यानंतरच्या वर्षी समिती निघाली ती पिवळी होऊनच परतली. कुणाच्या गुहेत कुणी डोकावलंच नाही.

एक दिवस साळू सगुणाकडे आली.

"खरं सांग. यंत्र चांगलं का वाईट?"

सगुणानं विचार केला. "खाचेतलं घेतं. गादीवरचं छान घेतं. धूळ उडवत नाही. पण बारा मिनिटं चालतं आणि पाच तास बसतं. आख्ख्या घराला केरसुणीच लागते बाई. कालच आणली."

"मग गुहा कशानं मिळाली?"

"आत्याबाईंनी मिळवली."

साळू जरा जवळ सरकली. "असली सासू कुठं मिळते गं?"

"मिळेल," सगुणा म्हणाली. "पण चार्जिंग फार लागतं. दिवसातून सहा वेळा चहा."

तात्पर्य : कचरा कधी फेकू नये, तो पोटात साठवून ठेवावा. योग्य माणूस दारात आला की त्याच्यावर उधळावा, आणि याला मान म्हणतात हे सांगायला घरात एक म्हातारं माणूस पाळावं. रोजचा केर काढायचाच असेल, तर केरसुणीनं गुपचूप काढावा. मात्र तपासणीला आलेल्यांच्या पाठीमागं कधीही नाही.