गुंडूच्या ताटाला कावळा का शिवेना?

माझं नाव ऐकलं की करवीर तालुक्यातल्या गुन्हेगारांची झोप उडते. म्हणजे उडेल, अजून त्यांनी ऐकलेलं नाही. मी गुप्तहेर पृथ्वीराज. उचगावात सीसीटीव्ही बसवतो, तो आपला वरवरचा धंदा. नजर अशी, की रिकामा कप बघून सांगतो, चहा कुणीतरी प्यायलाय.

पण ही केस काळजाला लागली. माझा जिवाभावाचा दोस्त गुंडू गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मी मानलं नाही. आदल्या संध्याकाळी माझ्या मिसळीतली शेव पळवणारा गडी सकाळी झोपेतून उठतच नाही? काहीतरी काळंबेरं होतं.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर त्याच्या आवडीचं ताट मांडलं: मटण, तांबडा-पांढरा रस्सा, शेजारी तंबाखूच्या माव्याची पुडी. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवल्याशिवाय गुंडूची आई पाण्याचा घोट घेणार नव्हती. तिला धरून गुंडूची बहीण तेजस्वी बसलेली. "एवढा शोध लावतोस, तर तिला लग्नाचं इचार की लेका!" असं गुंडू मला कायम टोचायचा. तेवढं सोडून मी सगळं केलं.

पुरावा राखायला मी काळा कोट, हॅट चढवून ताटापाशीच उभा राहिलो. भिंग काढलं. पहिला संशय, मटणात विष! मटण शिजवलं होतं गुंडूच्या बनाबाई आत्यानं. आत्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी संशय मागं घेतला.

दुसरा संशय गुंडूच्या चुलतभावावर, राजवीरवर. काळा गॉगल!

"डोळे का लपवलाईस?"

त्यानं गॉगल काढला. डोळे रडून सुजले होते. तोही संशय मागं घेतला.

"इच्छा ऱ्हायली आसंल कायतरी," गुंडूचे मामा म्हणाले. "बोला की!"

कुणी म्हणालं, तुझी बुलेट इकत न्हाई. कुणी म्हणालं, म्हशी सांभाळतो. कावळे ढिम्म. शेवटी मी जीव खाऊन ओरडलो, "गुंडू, तेजस्वीला मी जन्मभर सांभाळतो!"

कावळे हलले नाहीत. मामा हलले.

तेवढ्यात बनाबाई आत्या कडाडली, "आरं पृथ्या, तू आदी बाजूला हो! बुजगावण्यागत ताटावर हुबा ऱ्हायलाईस, कावळा यील कसा?"

मी पायऱ्या चढून वर गेलो. मागं फडफड झाली.

"शिवला! शिवला!"

आईनं पाणी घेतलं.

केस संपली. खुनी कुणीच नव्हता. असता तर निदान त्याला धरून बडवलं असतं. गुंडू नुसताच मेला होता, आणि माझी शेव आता कुणी पळवणार नव्हतं. हॅट तोंडावर धरून मी ढसाढसा रडलो.

तेजस्वी शेजारी येऊन बसली. तिचेही डोळे वाहत होते.

"मगाशी वरडलास, ते दादाला का मला?"

"दोघांस्नी."

"मग आई जरा सावरली की घरला येऊन नीट सांग." तिनं हॅट माझ्या हातातून काढून घेतली. "आन् कोट घालून येऊ नगंस. आमच्या म्हशीबी बुजत्यात."