मशीनला नख नसतं

आमच्या शेजारच्या भोईरकाकांच्या डाव्या अंगठ्याला नख जवळजवळ नव्हतंच. होतं ते कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकं पातळ, आणि तेही ते वापरून संपवायच्या मागे असत. कुठेही धारेची वस्तू दिसली की काका तिच्या कडेवरून नख आडवं ओढत. नखाचा पांढरा कीस निघाला तर मान हलवत. नाही निघाला तर वस्तूच्या मालकाकडे असं पाहत, की त्याला आपली लबाडी उघडी पडल्यासारखं वाटावं.

आईची विळी, पोस्टातली कात्री, कर्जतच्या बाजारातल्या न्हाव्याचा वस्तरा, सगळ्यांची परीक्षा झालेली होती. न्हाव्याने एकदा वैतागून वस्तरा काकांच्याच हातात दिला. काकांनी तो पंधरा मिनिटं चामड्यावर घासला, नखावर पाहिला, समाधानाने परत दिला आणि घरी निघून आले. दाढी करायची राहिली हे त्यांना आमच्या आईने सांगितलं.

मला पाहायला खोपोलीहून पहिलं स्थळ आलं तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून बाबांनी काकांना बोलावलं होतं. आईने पाहुण्यांसमोर सफरचंद कापायला घेतलं. काकांनी हात पुढे करून सुरी मागितली, नखावरून ओढली आणि 'आलोच' म्हणून सुरीसकट उठून गेले. अर्धं कापलेलं सफरचंद ताटलीत तांबूस पडत गेलं. पाहुणे, मी आणि सफरचंद, कोणीच काही बोलत नव्हतं. पुढे नकार आला. मुलगी घुमी वाटली, असं कारण कळवलं होतं. सुरी मात्र आजही पिकलेला टोमॅटो न चिरडता कापते. त्या दिवसातून एवढंच निष्पन्न झालं.

काका मूळचे कडावचे. फौजेत सुतार म्हणून गेले, तिथून सुटल्यावर काश्मीरात बर्फावर घसरायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या भांडारात लागले. घसरायला शिकण्यासाठी शाळा लागते, हे आमच्या दहिवलीत कोणाला पटत नसे. कडावहून दूध घालायला येणारी मथुराबाई म्हणायची, "पावसात आमच्या बांधावर धाडा त्यांना. फुकटात शिकवू."

ते परत येऊन दहिवलीत राहिले ते स्कीच्या एका जोडीसकट. माणसापेक्षा उंच, पुढून वर वळलेल्या दोन लाकडी पट्ट्या, दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी ठोकलेली. गावाने त्यांना एका शब्दात निकालात काढलं होतं. फळ्या. आणि काकांना नाव पडलं बर्फवाले. एकदा कडावचा एक मनुष्य लग्नाच्या सरबतासाठी बर्फाच्या दोन लाद्या सांगायला त्यांच्या दारात आला. काकांनी त्याला बसवून घेतलं आणि बर्फाचे प्रकार सांगितले. भुसभुशीत, ओला, रात्रीतून गोठून काचेसारखा झालेला. त्या माणसाने तासभर ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, यातला सरबताला कोणता चांगला.

दर रविवारी सकाळी काका पडवीत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर त्या फळ्या उताण्या मांडत. आधी कानस. कानस कडेवरून एकाच दिशेने, एकाच दाबाने, न थांबता. मग बारीक दगड, मग नख. मग कोळशाची इस्त्री तापवून तिच्यावर मेण टेकवायचं, थेंब थेंब तळावर सांडायचं, आणि इस्त्री फिरवून ते लाकडात मुरवायचं. निवलं की सगळं खरवडून काढायचं. स्वतःचा सदरा त्यांनी कधी इस्त्री केला नाही. पाठीवर चुरगळलेला सदरा घालून ते फळ्यांना इस्त्री करत, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येकजण तेच तेच विनोद करत जाई.

मथुराबाईचा विनोद त्यातल्या त्यात बरा होता. ती दुधाची बरणी खाली ठेवून म्हणायची, "आमीबी धार काढतो नि तुमीबी धार काढता. पर आमच्या धारंला दूध तरी येतं."

काका वर न पाहता विचारत, "म्हशीला तू हातानं पिळतेस का मशीनवर?"

"हातानं."

"मग तुला कळंल कधीतरी."

मेणाचाही एक कायदा होता. कडक थंडीच्या बर्फाला निळं, त्याहून मऊ बर्फाला लाल, वितळत्या बर्फाला पिवळं. काका रोज सकाळी दारात उभे राहून हवा पाहत आणि आजचं मेण जाहीर करत. आमच्याकडे एप्रिलमध्ये कौलं तडकतात. तेव्हा ते गंभीरपणे म्हणत, "आज पिवळ्याच्याही पलीकडं." हे गल्लीने उचललं. एसटी आली नाही, नळ गेला, कोणाचा मुलगा दहावीला तिसऱ्यांदा बसला, की लोक म्हणत, पिवळ्याच्याही पलीकडं.

या सगळ्याच्या मुळाशी एक मशीन होतं. काका त्या शाळेत असताना तिथे परदेशातून एक स्वयंचलित यंत्र आलं. एका बाजूने स्की आत सारायची. आत पाण्याखाली फिरणारा दगड तळ घासतो, कडांना धार लावतो, गोल रूळ मेण फासतो, आणि दुसऱ्या बाजूने स्की तयार होऊन बाहेर येते. काकांना एका जोडीला सकाळ लागे, मशीनला चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. सीझन संपताना काकांना घरी पाठवलं. निघताना त्यांच्या साहेबांनी भांडारातली ही जुनी जोडी त्यांना दिली आणि सांगितलं, "भोईर, इसको तैयार रखना. मशीन बंद पड़ी तो बुला लेंगे."

साहेबलोक असं निघणाऱ्या माणसाला काहीतरी म्हणतात. काकांनी तो हुकूम मानला. मशीन बंद पडलं की बोलावणं येणार, आणि त्या दिवशी हात, कानस आणि फळ्या तयार हव्यात. म्हणून दर रविवारची ही कवायत. मशीनचा विषय निघाला की ते अंगठा वर करून दाखवत आणि म्हणत, "त्याला समदं हाय. मोटार हाय, पाणी हाय, दिवा लागतो. नख नाय. मशीनला नख नसतं."

दिवाळी झाली की ते पत्राचा कागद घेऊन आमच्याकडे येत. मी लोणावळ्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून गावातली इंग्रजी पत्रं माझ्याकडे. मी दहावीत होते तेव्हापासून हे पत्र मी लिहीत आले. मजकूर ठरलेला. साहेबांना नमस्कार, माझी तब्येत ठीक, जोडी तयार आहे. आणि शेवटी, खाली पाहत, "मशीनची तब्येत कशी हाय, ते इचार."

मी विचारत असे. एखाद्या म्हाताऱ्या आत्याची चौकशी करावी तशा अदबशीर इंग्रजीत ते वाक्य मी घोळून घोळून लिही, आणि मनातल्या मनात हसे. शत्रूच्या आजारपणाची वाट पाहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या इंग्रजीला दहिवलीत दुसरं काम नव्हतं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने सांगायची, आणि मी आत निघून जायची.

चार वर्षं उत्तर आलं नाही. काका म्हणत, "बर्फात टपाल अडकतं." पाचव्या वर्षी थंडीत उत्तर आलं. टाइप केलेलं, अर्ध्या पानाचं. काका ते न फोडता घेऊन आले. सदरा धुतलेला होता. मथुराबाई दूध मापून देत होती, तीही थांबली.

मी आधी मनात वाचलं. तीनच गोष्टी होत्या. साहेब निवृत्त झाले आहेत. मशीन उत्तम चालू आहे. लाकडी स्की आता वापरात नाहीत, तरी तुमच्याकडच्या जोडीची विल्हेवाट लावावी आणि यापुढे या विषयावर पत्रव्यवहार करू नये.

कोणी म्हणेल, चार शब्द बदलून सांगायचे होते. खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते. माझं मराठी घरात वाढलेलं आणि शाळेत उपाशी ठेवलेलं. मला सुचलं ते मी सांगितलं. "साहेब तिथं नाहीत आता. लाकडी स्की चालत नाहीत म्हणे. टाकून द्या म्हणतात. पत्र पाठवू नका म्हणतात."

काकांनी मान हलवली. एवढी की धार ठीक निघाली आहे असं वाटावं. मग म्हणाले, "आणि मशीन?"

"चांगलं चाललंय."

"काय लिवलंय ते वाच. शब्द नि शब्द."

मी इंग्रजीत वाचलं आणि अडखळत मराठीत सांगितलं. मशीनने बसवल्यापासून आजवर कोणताही त्रास दिलेला नाही. सुरुवातीला केलेली जुळणी इतकी अचूक आहे की तिला पुन्हा हात लावावा लागलेला नाही.

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तेव्हा मला थोडा रागही आला. उन्हं पडवीत आली होती, मथुराबाईची बरणी झाकायची राहिली होती.

"ती जुळणी माझी," काका म्हणाले.

मला कळलं नाही. ते फळीवर कानस ओढावी तसं, एकाच दाबाने, न थांबता सांगत गेले. मशीन आलं त्याच आठवड्यात बिघडलं होतं. कडा तापवून जाळत होतं, जोडीमागून जोडी पोलाद निळं पडून, धार जाऊन बाहेर येत होती. बसवायला आलेला गोरा दिल्लीला निघून गेला होता. चाळीस पोरं दुसऱ्या दिवशी वर जायची होती, आणि वर बर्फ काचेचा. चाळीस जोड्या एका दिवसात हाताने होणं शक्य नव्हतं. साहेब भांडारात येऊन म्हणाले, भोईर, कुछ करो. काका त्याच सकाळी मशीनपुढे बसले. स्क्रू केसाएवढा फिरवायचा, एक स्की आत सारायची, बाहेर आली की नख. पुन्हा स्क्रू, पुन्हा नख.

"माझं नख संपलं नि मशीन जुळलं," ते म्हणाले. "स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला. कोणी हलवू नये म्हनून."

मथुराबाई सहसा गप्प बसणारी नव्हती. तिने विचारलं, "मग नीट केलंत कशाला? राहू द्यायचं होतं मोडकं. तुमची भाकर तर नसती गेली."

"पोरं होती गं वर. आमच्या कडावच्या पोरांएवढी. धार नसली म्हंजी काचंवरनं खाली." त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, झिजंल कधीतरी. ठिपक्याबाहेर जाईल. म्हनून इचारत होतो, तब्येत कशी हाय."

पाच वर्षं मी ते वाक्य लिहिलं होतं. त्यात काय होतं ते मला इंग्रजीतही कळलं नव्हतं आणि मराठीतही. मी पत्राची घडी घालून त्यांना दिली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी 'चहा घेता का' असं विचारलं. ते नको म्हणाले.

त्या रविवारी पडवीत घोडे मांडले गेले नाहीत. गल्लीतल्या लोकांना विनोद करायला काही उरलं नाही, तर ते थोडे नाराजच झाले.

पावसाच्या आधी आमच्या दोन घरांमधल्या गटारावरची फरशी खचली. आठवड्याने पाहिलं तर तिथे काकांची एक स्की आडवी टाकलेली. वळलेलं टोक करवतीने कापून टाकलेलं. दुसरी तिच्या शेजारी, खिळ्यांनी जोडलेली. तळाची बाजू वर होती. इतक्या वर्षांचं मेण मुरलेली ती बाजू, तिच्यावर पाय टिकला नसता. पण काकांनी सायकलचं जुनं टायर कापून त्याच्या पट्ट्या वीत-वीत अंतरावर ठोकल्या होत्या, कोणी घसरू नये म्हणून. मथुराबाई बरणी घेऊन त्यावरून पलीकडे आली, पाय आपटून पाहिला आणि म्हणाली, "आता फळी कामाला आली बगा."

काका हसले. मला ते हसणं पाहवलं नाही, म्हणून मी आत गेले. आत जाणं एवढंच मला नीट जमतं.

दिवाळी झाली. दरवर्षीच्या सुमाराला काका आले नाहीत, तेव्हा मीच कागद आणि पेन घेऊन गेले. आपणहून कोणाच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ असेल. दारात उभी राहून विचारलं, "काका, पत्र लिहायचं?"

"कशाला? चांगलं चाललंय म्हनाले ना."

बाहेर चांगलीच गार हवा होती. आमच्या मानाने थंडीच. मी विचारलं, "आज कोणतं मेण?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं, बराच वेळ. "ध्यानात नाय बाय," म्हणाले, आणि फराळाची ताटली माझ्यापुढे केली. ती धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर माझी नजर गेली. नख वाढलं होतं. चांगलं जाड, पुढे आलेलं, कडेला माती. कोणाच्याही नखासारखं.

मी पाहते आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी ताटली दुसऱ्या हातात घेतली आणि अंगठा मुठीत मिटून घेतला.